पाहुण्यांनी विचारलं, इथं पाहायला काय आहे?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हांला विषय दिला होता 'चळवळीपुढील आव्हाने'. या विषयावर आम्ही याच माईकवरून किती वेळा बोललो याचा हिशोब आता आमच्याकडेही नाही. ऐकणाऱ्यांना तो पाठ झाला असेल. म्हणून अध्यक्षांची परवानगी न घेताच आम्ही विषय बदलला आहे. आज आम्ही फिरण्याविषयी बोलणार आहोत. आपल्या भंडाऱ्यात आणि भंडाऱ्याच्या भोवती पाहायला काय आहे, याविषयी. हसू नका. भात गिरणीत पोती मोजणाऱ्या माणसाने सहलीवर भाषण द्यावे हे विचित्र दिसते खरे, पण त्यामागे एक कारण घडले आहे.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मुंबईचे आमचे साडभाऊ सहकुटुंब दीक्षाभूमीवर आले होते. तिथून दोन दिवस आमच्याकडे मुक्काम. त्यांची मुलगी कॉलेजात शिकते, चुणचुणीत आहे. सकाळी चहा पिता पिता तिने सहज विचारले, "मावसाजी, इथं बघायला काय आहे?" आम्ही तोंड उघडण्याच्या आत आमचे चिरंजीव बोलले, "इथं काय आहे? काहीच नाही. झोपायला मात्र चांगलं आहे." सगळे हसले. आम्हीही हसलो. पण ते हसू दिवसभर घशात अडकून राहिले.

का म्हणाल, तर मुलाचे खोटे म्हणता येत नव्हते. आम्हीच त्याला काय दाखवले होते? विहार, शाळा, गिरणी, आठवडी बाजार, आणि वर्षातून एकदा दीक्षाभूमी. आणि बाहेरच्या माणसाला तरी भंडारा कशाने माहीत? मुंबईच्या नातेवाइकांचा आम्हांला घाबरून फोन येतो तो ठरावीक वेळी. २००६ साली आला, खैरलांजी झाली तेव्हा. ९ जानेवारी २०२१ ला आला, जिल्हा रुग्णालयात आग लागून १० नवजात बाळे गेली तेव्हा. २४ जानेवारी २०२५ ला आला, इथल्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन ८ कामगार गेले तेव्हा. त्या दिवशीचा आवाज इथे बसलेल्यांपैकी पुष्कळांनी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे, त्यावर आम्ही अधिक बोलत नाही. सांगायचे ते एवढेच की आपल्या जिल्ह्याचे नाव दूरवर जाते ते असे.

तर आम्ही ठरवले. नवीन धान यायला अवकाश होता, गिरणीत मशीन खोलून साफसफाई चालू होती, म्हणून रजा मिळाली. ओळखीच्या माणसाची क्रूझर भाड्याने घेतली, सौ.ने भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा बांधून घेतला, आणि निघालो.

आधी भंडारा शहर. आपल्याला ते तहसील, कोर्ट आणि दवाखान्याचे गाव म्हणून माहीत. पण हे गाव जुने आहे. छत्तीसगडमधल्या रतनपूरच्या इ. स. ११०० च्या शिलालेखात भाणारा हे नाव येते, आणि भाणे म्हणजे पितळेचे भांडे, त्यावरून गावाला नाव पडले असे सांगतात. पितळेचे शहर म्हणून भंडाऱ्याची ख्याती होती. आमच्या आईच्या लग्नातला भंडाऱ्याचा गुंड अजून घरात आहे. स्टीलची भांडी आली आणि ठोक्यांचा आवाज कमी होत गेला. तरी जुन्या गल्लीत उभे राहून विचारले तर पितळ घडवणारा हात अजून भेटतो. खांब तलावाच्या काठाने एक फेरी मारली. तलावात शिंगाड्याचे वेल होते का ते पाहत पाहत साडभाऊ म्हणाले, "तुमच्याकडे कोणाला घाई दिसत नाही बुवा." खरे आहे. आपले गाव धिमे आहे. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार तर रस्त्यावर कुत्रेही सावली सोडत नाही. मुंबईच्या माणसाला तेच पाहून बरे वाटले.

पण भंडाऱ्यात आम्ही मुलीला मुख्य जी गोष्ट सांगितली ती डोळ्यांना दिसत नाही. १९५४ साली बाबासाहेब या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. बाबासाहेबांच्या कार्यकर्त्यांपैकी काहींचे म्हणणे पडले की आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे, म्हणजे निवडून येण्याची खात्री वाढेल. बाबासाहेबांनी ते मानले नाही. राज्यघटना लिहिणाऱ्याने मत वाया घालवायला सांगावे हे त्यांना पटले नाही. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि बाबासाहेब पडले. आमचे आजोबा हे सांगताना दर वेळी दोन बोटे वर करायचे. "दोनही देल्ले जी आमी, सांगतलं तसंच देल्ले." निवडणूक हरल्याचे दुःख त्यांच्या बोलण्यात होते, पण त्या दोन बोटांत अभिमानही होता. भंडाऱ्याच्या लोकांनी बाबासाहेबांना पाडले असा टोमणा आपल्याला बाहेरगावी ऐकावा लागतो. तेव्हा ही दोन मतांची गोष्ट आपल्या पोरांना माहीत असली पाहिजे. आमच्या चिरंजीवांना ती माहीत नव्हती. चूक आमची.

पुढे कारध्याचा पूल ओलांडून पहेला, अड्याळ असे करत पवनीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना धान पिवळे पडत आले होते. अधूनमधून तलाव. भंडारा, गोंदिया हे तलावांचे जिल्हे. कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी हे तलाव बांधले, धिवर बांधवांनी त्यांत मासे राखले, आणि पुढे मालगुजारी गेल्यावर सरकारी कागदावर त्यांचे नाव 'माजी मालगुजारी' म्हणजे मामा तलाव असे झाले. मुलीला वाटले कोणाच्या तरी मामाचे तलाव! हिवाळ्यात यांवर परदेशी पाखरे उतरतात, ती पाहायला पैसे लागत नाहीत. या पाण्यावरच आपले धान. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा भात शिजताना शेजारच्या घरी वास जातो. आम्ही आयुष्यभर त्याची पोती शिवली, घरी मात्र तो सणावाराला.

आता पवनी. इथे आम्हांला जरा जास्त वेळ द्या.

पवनीला आम्ही तरुणपणी ट्रकवर हमाल म्हणून किती तरी वेळा गेलो. जगन्नाथ टेकडीच्या जवळ टपरीवर चहा प्यायलो, पोत्यावर अंग टाकून झोपलो. आमची मोठी बहीण तिकडेच दिली आहे, मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जायची. संध्याकाळी तिच्या हातांची आग ताकात बुडवूनही जायची नाही. म्हणजे पवनी आम्हांला मिरचीची, विणकरांची, देवळांची म्हणून माहीत. त्या टेकडीच्या पोटात काय आहे हे आम्हांला वयाच्या पस्तिशीनंतर कळले. तेही एका वाचनालयात, फाटक्या पुठ्ठ्याच्या पुस्तकातून.

१९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून पवनीला खोदकाम केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी ते केले आणि १९७२ मध्ये त्याचा अहवाल छापला गेला. वर जगन्नाथाचे मंदिर, आणि त्याच्या खाली बौद्ध स्तूप. लहानसहान नव्हे, सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा. दोन हजार वर्षांहून जुना. जवळच्या सुलेमान टेकडीतही स्तूप निघाला. गावाला अजून जुनी मातीची तटबंदी आणि खंदक आहे, एका अंगाला वैनगंगा. म्हणजे आपले लोक ज्याला आडवळणाचे तालुक्याचे गाव समजतात, ते एके काळी मोठे नगर होते आणि त्या नगरात बुद्धाचा धम्म नांदत होता.

स्तूपाच्या कठड्याच्या एका खांबावर पाच फण्यांचा नाग कोरलेला सापडला आणि त्यावर नाव लिहिले आहे, मुचलिंद. गोष्ट आपल्याला माहीत आहे. बोधी मिळाल्यावर तथागत ध्यानस्थ बसले असता सात दिवस पावसाची झड लागली, आणि मुचलिंद नागराजाने फणा धरून त्यांचे रक्षण केले. पण त्या काळच्या कारागिरांनी बुद्धाची मूर्ती कोरलेली नाही. फण्याखाली आसन आहे, आसन रिकामे. मुलीने विचारले, "मग बुद्ध कुठे?" आम्ही म्हणालो, त्या काळी मूर्ती करीत नसत, रिकामे आसन पाहून माणसाला समजायचे. ती बराच वेळ गप्प होती.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे सगळे सांगत आहोत ती ऐका. या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत लहान लहान लेख आहेत. राजाची स्तुती वगैरे नाही. अमक्याचे दान, तमकीचे दान. कोणी एक खांब दिला, कोणी एक आडवा दगड दिला. देणाऱ्यांत बायाही आहेत. म्हणजे वर्गणी करून बांधलेला स्तूप!

ब्राह्मी लिपी वाचता येईनाशी झाली होती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रज अंमलदाराने सांचीच्या कठड्यावरच्या अशाच लेखांच्या नकला समोर ठेवल्या. त्याला दिसले की पुष्कळ लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात. त्याने अंदाज केला की हे लोक वस्तू देत असतील, तर शब्द 'दानं' असेल. अंदाज बरोबर निघाला, आणि त्या दोन अक्षरांवरून बाकीची लिपी सुटत गेली. त्यानंतर अशोकाचे लेख वाचता आले. नाहीतर अशोक आपल्याला पुराणातले एक नाव म्हणूनच राहिला असता. म्हणजे राजाचा पत्ता लागला तो गरीब उपासक-उपासिकांच्या पावतीवरून.

आता सगळ्यांनी वर पाहा. आपल्या विहारातल्या पंख्याच्या पात्यांवर काय लिहिले आहे? 'अमक्याच्या स्मरणार्थ, सप्रेम भेट.' कपाटावर नाव, सतरंजीवर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव. आमचे काही शिकलेले मित्र याला हसतात. पंखा फिरला की दानही फिरते, नाव काही वाचता येत नाही, असे म्हणतात. आम्हीही पूर्वी हसायचो. पवनीहून आल्यापासून हसत नाही. या विहाराची भिंत उभी राहिली तेव्हा एका म्हाताऱ्या आजीने लुगड्याच्या गाठीतून २० रुपये काढून दिले होते, नाव मात्र सांगितले नाही, पावती घेतली नाही. ते नाव कुठे लिहायचे राहिले याची आम्हांला आता रुखरुख लागते.

टेकडीवर गेलो तेव्हा मोठमोठ्या विटा पाहिल्या, आपल्या आजच्या विटेपेक्षा कितीतरी जड. चिरंजीव उकिडवे बसून एका विटेवर हात फिरवत होते. बोलले काही नाहीत, पण मोबाइल खिशात होता एवढे आम्ही पाहिले. खोदकामात निघालेले कोरीव दगड मात्र जागेवर नाहीत. त्यांतले काही नागपूरला आहेत, म्हणून नागपूरला गेल्यावर अजब बंगला पाहिला पाहिजे. दीक्षाभूमीला आपण दरवर्षी जातो आणि तेवढ्या जवळ असलेल्या अजब बंगल्यात पाऊल ठेवत नाही.

वरती मंदिर आहे म्हणून काही तरुण तिथे तावातावाने बोलतात. आमचे मत असे की आधी जाऊन पाहा, अहवाल वाचा, मग बोला. न पाहिलेल्या स्तूपासाठी भांडणारे आम्ही खूप पाहिले.

पवनीजवळच रुयाड (सिंदपुरी) येथे पञ्ञा मेत्ता संघाने उभारलेली महासमाधीभूमी आहे. जपानच्या बौद्धांचा त्याला हातभार आहे. दरवर्षी फेब्रुवारीत तिथे धम्म महोत्सव भरतो, तेव्हा गर्दीत पुष्कळजण जातातच. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती. भाकरी तिथेच झाडाखाली सोडल्या. आम्हांला विचाराल तर गर्दी नसताना जावे.

तिथून गोसेखुर्द. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी या धरणाचे भूमिपूजन केले. वैनगंगेवर ३३ दारांचे धरण, पुढे राष्ट्रीय प्रकल्प झाला. पाणी पाहून साडभाऊंचे डोळे दिपले, "हे तर समुद्रासारखं!" दिसते खरे सुंदर, विशेषतः सूर्य मावळताना. पण या पाण्याखाली गावे आहेत, आणि त्या गावांतले लोक मोबदल्यासाठी किती वर्षे उंबरे झिजवत राहिले हे आपण जाणतो. दुसरे असे की नागपूरची नाग नदी शहराची घाण घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. ती घाण धरणाच्या अडलेल्या पाण्यात साचते. कुठे जलपर्णी, कुठे वास. पाहुण्यांना पाणी दाखवावे आणि हेही सांगावे. लपवून काय उपयोग?

वाटेत, अंधार पडत असताना, मुलीने तो प्रश्न विचारला ज्याची आम्हांला सकाळपासून धास्ती होती. "मावसाजी, खैरलांजी इथून जवळ आहे का?"

गाडीत कोणी बोलेना. आम्ही सांगितले, आहे, मोहाडी तालुक्यात. २९ सप्टेंबर २००६ ला तिथे एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांना मारले, आई, मुलगी आणि दोन मुलगे. मुलगी तुझ्याच वयाची होती, शिकणारी होती. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टाने शिक्षा दिली, २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची जन्मठेप केली. अॅट्रॉसिटीचा कायदा लागू धरला गेला नाही. त्या वर्षीच्या मोर्चात आम्ही होतो. घरी परतलो तेव्हा आमचे चिरंजीव पाळण्यात होते, आणि आम्ही सौ.ला म्हणालो होतो की हे पोर मोठे झाले की या जिल्ह्यातून बाहेर पाठवायचे. हे वाक्य आम्ही विसरलो होतो. सौ. विसरली नव्हती. तिने गाडीत मागच्या सीटवरून ते बोलून दाखवले.

मुलगी म्हणाली, "तिथे जायचं का?" आम्ही नाही म्हणालो. ते पाहायला जाण्याचे ठिकाण नव्हे. क्रूझर उभी करून फोटो काढण्याची जागा नव्हे. पण विचारले तर सांगितलेच पाहिजे, आणि पूर्ण सांगितले पाहिजे, हे आम्ही त्या रात्री ठरवले.

बाकीचे झटपट सांगतो. वाघ पाहायची हौस असेल तर उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. तिथला 'जय' वाघ फार गाजला, २०१६ साली नाहीसा झाला तो सापडलाच नाही. भंडाऱ्याहून अगदी जवळचे कोका, ते २०१३ ला अभयारण्य झाले. जिप्सीचे भाडे आपल्याला परवडणारे नाही, दहा घरांनी मिळून केली तर गोष्ट वेगळी. आंभोऱ्याला वैनगंगा-कन्हानचा संगम आहे, आता मोठा तारांचा पूल झाला आहे, वर जाऊन खाली नदी पाहता येते. मुकुंदराजाने विवेकसिंधू ग्रंथ याच आंभोऱ्याला लिहिला असे काही अभ्यासक मानतात, काही अंबाजोगाईचे नाव घेतात.

आणि दिवाळीनंतर मंडई! ही मात्र मुंबईला मिळणार नाही. गावोगाव एकेका दिवशी मंडई भरते, पाहुणे येतात, दिवसा दंडार, रात्री खडी गंमत नाहीतर झाडीपट्टीचे नाटक. वडशाहून कंपन्या येतात, पहाटेपर्यंत नाटक चालते, थंडीत लोक घोंगड्या पांघरून बसतात. आमच्यातले काही कार्यकर्ते नाटकाला नाक मुरडतात. आम्ही मुरडत नाही. याच रंगमंचावर बाबासाहेबांच्या जीवनावरची नाटके पाहून आमच्यासारख्या सातवी शिकलेल्या माणसाला वाचायची गोडी लागली.

तर पाहुणे गेले. जाताना मुलीने वहीत काहीतरी काढून चिरंजीवांना दिले. आम्ही नंतर पाहिले, ब्राह्मीतली ती दोन अक्षरे होती, द आणि न, न वर टिंब. कुठून शोधून काढली कोण जाणे. चिरंजीवांना पुण्याच्या कंपनीतून बोलावणे आले आहे, येत्या महिन्यात जातील. आम्ही अडवणार नाही. ते चिटोरे त्यांनी पाकिटात ठेवले आहे असे सौ. सांगते.

आता समितीला विनंती. कार्तिक पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी विहारातर्फे मुलांची पवनीला सहल काढावी. पन्नास मुले झाली तर एस.टी.ची गाडी करारावर मिळते, आम्ही आगारात चौकशी केली आहे. सकाळी सहाला विहाराच्या फाटकातून निघायचे. प्रत्येकाने डबा, पाण्याची बाटली, कोरा कागद आणि पेन्सिल आणावी. ज्या घरी भाडे देणे जमणार नाही त्यांनी नाव मात्र जरूर लिहावे, भाड्याचे समिती आणि आम्ही मिळून पाहू. आमच्यातर्फे दोन मुलांचे भाडे आत्ताच जमा करतो, पावती नाव न घालता फाडावी. वही प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. खीर वाटायच्या आधी नावे लिहून घ्या, नंतर कोणी थांबत नाही.

जयभीम. नमो बुद्धाय.